कार्बनच्या करारावर सही करण्याआधी

प्रश्न असा आला आहे: गडचिरोली जिल्ह्यातलं ऐंशी घरांचं गाव. सामूहिक वनहक्काचा पट्टा (जंगल राखायचा-वापरायचा कायदेशीर हक्क) मिळून सात-आठ वर्षं झाली, जंगल सुमारे ५०० हेक्टर. बांबू आणि तेंदू ग्रामसभा स्वतःच विकते. आता एक कंपनी आली आहे. ‘तुमचं जंगल हवेतला कार्बन शोषतं, त्याचे पैसे मिळवून देतो,’ म्हणते. करार चाळीस वर्षांचा, आणि सहीला मुदत पंधरा दिवसांची. विचारणाऱ्या ताई गावाच्या वनव्यवस्थापन समितीच्या सचिव आहेत. त्यांचे प्रश्न दोन: गावानं जंगल राखल्यानं हवामान बदलाला खरंच फरक पडतो का? आणि सही करावी का?

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्याला घाई आहे. पंधरा दिवसांत सही करू नका. चाळीस वर्षांच्या कराराला पंधरा दिवसांची मुदत घालणाऱ्याला तुमच्या ग्रामसभेची नड नाही, तुमच्या सहीची आहे. कधीच करू नका असं मात्र मी म्हणत नाही. त्यावर पुढे येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. फक्त कसं, ते नीट समजून घ्या, कारण कंपनीचा माणूस ते अर्धंच सांगतो. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि लाकूड, मुळं, पानं यांत साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन धरतात, आणि एक टन कार्बन म्हणजे हवेतला जवळपास ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. तुमच्या जंगलात हेक्टरी ६० टन वाळलेलं वजन आहे असं धरलं, तर हेक्टरमागे सुमारे १०३ टन कार्बन डायऑक्साइड तिथे अडकून बसलाय. पाचशे हेक्टरला पन्नास हजार टनांहून जास्त. हे जंगल तुटलं किंवा वर्षानुवर्षं जळत राहिलं तर त्यातला बराचसा परत हवेत जाणार. म्हणून गावाचं मोठं काम म्हणजे असलेलं राखणं. नवं लावणं त्याच्या मागून येतं. सरकारी भाषणात याच्या नेमकं उलट ऐकू येतं. २०१५ साली देशानं जगाला शब्द दिला की २०३० पर्यंत झाडं आणि जंगल वाढवून अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषू. तेव्हापासून झाडं लावायचे खड्डे मोजण्याला फारच जोर आलाय. खड्डा मोजता येतो, फोटो काढता येतो. न लागलेली आग कशी मोजणार?

आगीचंच आधी बोलतो, कारण आपल्याकडे जंगलातला बराच कार्बन तिथे वाया जातो आणि गावाच्या हातात सगळ्यात जास्त तेच आहे. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. आपल्या भागातल्या आगी आपोआप लागत नाहीत, हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे. मोहफूल पडायला लागलं की झाडाखालचा पाला जाळतात, फूल नीट दिसावं म्हणून. तेंदूला कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून खूट कटाईऐवजी (झुडपं बुंध्याशी छाटण्याऐवजी) काही ठिकाणी सरळ काडी लावतात. ती आग जमिनीलगत सरकते, येन-बिजाच्या मोठ्या झाडांना वरवर काही करत नाही, म्हणून लोक म्हणतात ‘काही होत नाही’. पण गुडघ्याएवढी रोपं मरतात. पाच वर्षं ओळीनं आग फिरली की त्या जंगलात फक्त म्हातारी झाडं उरतात. मग एक दिवस ती म्हातारी पडतात.

यात माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात मी ग्रामसभेला सुचवलं की मोहाखाली जाळणाऱ्याला दंड लावा. ठराव झाला, टाळ्या पडल्या. त्या वर्षी आगी दिवसाच्या ऐवजी रात्री लागल्या, एवढाच फरक. पुढच्या हंगामात एका म्हाताऱ्या बाईनं मला सरळ विचारलं, ‘भाऊ, पहाटे चार वाजता अंधारात, पाल्यात फूल तू वेचून दाखवशील का?’ मी नाही वेचू शकत. मग त्या बायकांनीच तोड काढली. जुनी नायलॉनची लुगडी एकमेकांना शिवून झाडाखाली अंथरायची, मोठ्या झाडांना बाजारातली हिरवी जाळी. फूल स्वच्छ पडतं, माती लागत नाही, भावही बरा मिळतो. ज्यांच्याकडे झाडं जास्त त्यांनी पाला झाडून गोल आळं मोकळं करायचं. ग्रामसभेनं बांबूच्या पैशातून जाळ्या घेतल्या. आगी थांबल्या असं म्हणणार नाही, पण त्या गावाच्या हद्दीत त्या कमी झाल्या. दंडानं जे जमलं नाही ते जाळीनं जमलं, आणि तो सगळा विचार बायकांचा होता. तुमच्या वनव्यवस्थापन समितीत बायका नुसत्या सहीपुरत्या असतील तर आगीचा प्रश्न सुटणार नाही, इतकं मी अनुभवानं सांगतो.

जोडीला जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा. ती फेब्रुवारीच्या आधी साफ झाली पाहिजे, मार्चमध्ये नव्हे. आणि भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाईलवर पाठवतं, त्यात कुणालाही नाव नोंदवता येतं. सूचना यायला थोडा उशीर होतो आणि ३७५ मीटरच्या चौकटीत आग ‘कुठेतरी’ आहे इतकंच कळतं, पण जंगलाच्या कोणत्या कक्षात पोरांना पाठवायचं ते ठरवायला पुरतं.

आता बांबू. ‘तोड म्हणजे नुकसान’ असं शहरातल्या माणसाला वाटतं. मानवेलाच्या, म्हणजे आपल्याकडच्या बांबूच्या, बेटाचं तसं नाही. तीन-चार वर्षांचे पक्के बांबू बाहेर काढले नाहीत तर बेट आतून गुदमरतं, वाळतं, आणि वाळलेलं बेट म्हणजे आगीला सरपण. पण कापायचं कसं, यावर सगळं आहे. या वर्षीचे वास्ते (कोंब) आणि गेल्या वर्षीचा कोवळा बांबू हात लावायचा नाही. जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरून, धारदार कोयत्यानं. बुंधा फाटला की पाणी साचतं आणि मूळ सडतं. बेटात आठ-दहा पक्के बांबू आधाराला ठेवायचे. पावसाळ्यात तोड बंद. ठेकेदाराच्या मजुराला दिवसाला जितके जास्त तुकडे तितके पैसे, म्हणून तो बेटाच्या कडेचा कोवळा, हाताशी येणारा बांबू आधी कापतो आणि मधला जाड तसाच सोडतो. गावाचा माणूस पुढच्या वर्षी त्याच बेटाकडे यायचा असतो. जंगलाचा कार्बन वाढणार की घटणार, ते कोयता कुणाच्या हातात आणि त्याला पैसे कशाचे मिळतात यावर ठरतं. कंपनीच्या सादरीकरणात ही ओळ नसते.

आणि हा कोयता गावाच्या हातात सहज आलेला नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ धरला होता, म्हणजे लाकूड, म्हणजे सरकारचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातलं बाकीचं उत्पन्न) म्हटलं, तरी कागदावरचा बांबू गावाला विकता येईना, कारण वाहतूक परवाना वन विभागाकडे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला होता, तरी परवान्याच्या पुस्तकासाठी झगडावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती आलं. लोक त्या दिवसाचा फोटो आठवतात. मला आठवतो तो त्याआधीचा काळ. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा कायद्याच्या कितीतरी आधीची. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. अभ्यासगट वेगळा, निर्णयाची सभा वेगळी. हक्क येण्याआधी पंचवीस वर्षं गाव बसायला, बोलायला, थांबायला शिकलं होतं. म्हणून पैसा आल्यावर गाव फुटलं नाही.

दुसरं उदाहरण चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं. २०१२ साली हजार हेक्टरच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला आणि ग्रामसभेनं ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. हातात आलेलं उत्पन्न सोडलं, कारण तेंदूसाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लागतात, आणि बांबूवर गाव भागवू शकतं. जंगलाचा एक भाग तर देवराईसारखा पूर्ण राखीव ठेवला. हे कुणा वरच्यानं सांगितलं असतं तर गावानं दगड मारले असते. स्वतः ठरवलं म्हणून टिकलं. तुम्ही तेंदू बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्याकडे मेमधल्या त्या पंधरा दिवसांवर वर्षाची शाळेची फी आणि दवाखाना अवलंबून असतो, ते मला माहीत आहे.

मेळघाटातलं पायविहीर आणखी निराळं. तिथे हक्क मिळाला तो जवळजवळ उजाड जमिनीवर. गावानं चराई आवरली, पाणी अडवलं, झाडं लावली आणि आज तिथलं सीताफळ बाजारात जातं.

याच्या शेजारी नव्वदच्या दशकातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ठेवा. केंद्राचं १९९० चं परिपत्रक, मग आपल्या राज्यातला निर्णय. कल्पना वाईट नव्हती. पण समितीचा सचिव वनपाल, बँकेचं खातं त्याच्याकडे, नियोजन त्याचं, आणि राखण गावाची. मी काम केलेल्या एका गावानं दहा-बारा वर्षं रात्रीच्या पाळ्या करून साग राखला. विरळणीची, म्हणजे मधली झाडं काढून विकायची, वेळ आली तेव्हा गावाच्या वाट्याचा हिशेब फायलीत हरवला. पुढच्या दोन वर्षांत त्याच गावातल्या पोरांनी तोच साग कापला. मला राग आला नाही. जे आपलं नाही ते कोण किती दिवस राखणार?

नेपाळचं नाव तुमच्या कंपनीच्या माणसानं घेतलं असेलच. तिथे १९९३ च्या वन कायद्यानंतर हजारो गावगटांकडे जंगल गेलं, आणि उपग्रहचित्रांवरून १९९२ मधलं २६ टक्के वनाच्छादन २०१६ पर्यंत सुमारे ४५ टक्क्यांवर आलं. खरं आहे. पण तरणी माणसं आखातात कामाला गेली, डोंगरावरची शेती पडीक झाली, तिथेही झाडं उगवली, हेही त्यात धरा. सगळं श्रेय समितीला देणं म्हणजे आकड्याची फसवणूक.

आता कंपनीकडे येऊ. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडची पावती. कुठलातरी कारखाना किंवा विमान कंपनी ती विकत घेते आणि ‘आमचा तेवढा धूर भरून निघाला’ म्हणते. पावती मिळायला अट अशी की हे पैसे नसते तर हे झालंच नसतं. इथेच तुमची गोम आहे. तुम्ही जंगल आधीपासून राखताय. त्यामुळे हिशेबनीस म्हणणार की यात जादा काय? जंगल विकायला काढणाऱ्या गावाला पैसे जास्त आणि राखणाऱ्याला कमी, असा हा उलटा न्याय आहे. यातून वाट काढायला काही कंपन्या ‘प्रकल्पाविना हे जंगल संपलं असतं’ असं कागदावर रंगवतात. तुमच्या करारासोबतच्या अहवालात तुमच्या गावाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ‘स्थानिकांच्या अतिवापरामुळे ऱ्हास’ असं काही असेल आणि त्यावर तुमच्या अध्यक्षांची सही असेल, तर उद्या हाच कागद तुमच्या हक्काविरुद्ध वापरता येतो.

पैशाचा अंदाज करू. हे आकडे गृहीत आहेत, फक्त रीत दाखवायला. हेक्टरी वर्षाला वाळलेल्या वजनाची दोन टन वाढ धरली, तर ५०० हेक्टरवर १,००० टन, म्हणजे साधारण १,७२० टन कार्बन डायऑक्साइड. पावतीला ५०० रुपये मिळाले तर ८ लाख ६० हजार. त्यातला पाचवा भाग आग-वादळासाठी राखून ठेवतात असं धरा, उरले ६ लाख ८८ हजार. निम्मे कंपनीचे. गावाला ३ लाख ४४ हजार, ऐंशी घरांत वाटले तर घरटी ४,३०० रुपये. आणि हे तेव्हा, जेव्हा सगळी वाढ ‘जादा’ म्हणून मान्य होईल, जे होत नाही. तपासणीचा खर्च मी अजून धरलेलाच नाही. आता तुमची तेंदूची वही काढा आणि एका घराचे पंधरा दिवसांचे पैसे शेजारी लिहा. मग विचारा की या चार हजारांसाठी करारात काय काय बंद होतंय.

तिथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सरपण, चराई, बांबूतोड, मोहाच्या फांद्या, गोटूलासाठी (गावाच्या सामूहिक घरासाठी) लागणारं लाकूड, यातलं काय करायला कंपनीची परवानगी लागणार? आग लागली आणि कार्बन घटला तर भरपाई कुणी द्यायची? वाटा विक्रीच्या रकमेवर की ‘खर्च वजा जाता’ उरलेल्यावर? दुसरं असेल तर खर्च कधी संपतच नाही, हे लक्षात ठेवा. मोजणीची माहिती कुणाची? कंपनीनं आपला करार तिसऱ्याला विकला तर तुम्हाला विचारणार का? भांडण झालं तर निवाडा कुठे, गडचिरोलीत की परदेशात? आणि पाच वर्षांनी बाहेर पडायचं तर किती दंड? मी वाचलेल्या एका करारात बाहेर पडण्याचं कलम होतं, फक्त ते कंपनीसाठी होतं.

कायद्याचं थोडक्यात. वनहक्क कायद्यात ‘कार्बन’ हा शब्दच नाही. कलम ३(१)(झ) खाली तुम्हाला सामूहिक वनसंपत्ती राखायचा, पुन्हा उभी करायचा आणि तिचं व्यवस्थापन करायचा हक्क आहे, कलम ५ नं ग्रामसभेला संरक्षणाचे अधिकार दिले आहेत, आणि कलम ४(४) सांगतं की हे हक्क विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. म्हणजे जंगलाचा ताबा किंवा निर्णयाचा अधिकार चाळीस वर्षं कंपनीकडे जाईल असा करार या चौकटीत बसत नाही, मग त्याला ‘भागीदारी’ म्हणा की आणखी काही. दुसरं, हा निर्णय समितीचा नव्हे, ग्रामसभेचा. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बायका. अध्यक्ष आणि सचिव यांनी तालुक्याच्या हॉटेलात बसून केलेली सही गावाची नसते. तुम्ही सचिव आहात म्हणून हे मुद्दाम लिहितोय. दबाव तुमच्यावर येणार, आणि तो गोड बोलून येणार.

मग करायचं काय? मी असतो तर कंपनीला एक ओळीचं पत्र दिलं असतं: कराराचा पूर्ण मसुदा मराठीत द्या, ग्रामसभा वाचेल, मुदत ग्रामसभा ठरवेल. बऱ्याच कंपन्या इथेच गळतात. जी टिकते तिच्याशी पुढे बोलता येईल, आणि एकट्या गावानं बोलण्यापेक्षा आजूबाजूच्या दहा-पंधरा ग्रामसभांनी महासंघ करून बोललेलं बरं. तेंदूच्या लिलावात तुम्ही हे केलंच आहे. जिल्ह्यात एवढ्या ग्रामसभांकडे पट्टे आहेत, वकील एकच पुरेल.

दरम्यान मोजणी तुम्ही स्वतः सुरू करा. कंपनी येवो न येवो, आपल्या जंगलात काय आहे ते आपल्या वहीत हवं. व्यवस्थापन आराखडा तसाही ग्रामसभेनंच करायचा आहे, आणि तो चाळीस पानांचा नको. मी एकदा तसा केला होता, कार्यालयात बसून, सुबक बांधणीचा. गोटूलात तो दिव्याखाली ठेवायला कामी आला. गावाचे खरे नियम भिंतीवर अकरा ओळींत मावले.

मोजणीला लागतं फार थोडं. कपड्याचा टेप, दोरी, चुना, वही, आणि झाडं ओळखणारं एक म्हातारं माणूस. ३१.६२ मीटर बाजूचा चौकोन आखा, तो एक हेक्टरचा दहावा भाग होतो. आतल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या. आपल्या माणसाच्या छातीएवढं येतं, पण काठीवर एकदा खूण करून घ्या, नाहीतर उंच पोरगा वर मोजतो आणि बुटका खाली. उतारावर वरच्या बाजूनं मोजायचं. झाडाचं नाव गोंडीत लिहा, मराठी नाव नंतर शोधता येतं, उलटं जमत नाही. कोपऱ्याच्या झाडांना रंगाचा पट्टा मारा, म्हणजे तीन वर्षांनी तोच चौकोन सापडेल. एका कोपऱ्यात छोटा चौकोन आखून गुडघ्याएवढी रोपं वेगळी मोजा. आग आटोक्यात आली की नाही ते तिथे आधी दिसतं. वीस-पंचवीस चौकोन पुरे. गावातली बारावी झालेली चार पोरं-पोरी आठवड्यात करतील, आणि त्यांना मजुरी ग्रामकोषातून द्या, फुकट करून घेऊ नका.

आत्ता पावसाळ्यात जाऊ नका. गवत छातीएवढं असतं, दोरी सरळ पडत नाही आणि साप असतात. धान कापून झालं की जा. तोवर मसुदा आला तर तो मला पाठवा, पण त्याआधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचून घ्या. कोणत्या कलमाला कोण बायका आपापसात कुजबुजतात तेवढं लिहून ठेवा, मी तिथूनच वाचायला सुरुवात करीन.